चिनी भोकाची नाणी ओळखताना या चुका टाळा

चौकोनी भोकाचं चिनी नाणं हाती लागलं की नवखा माणूस पहिलं विचारतो, "किती येतील?" नाणं कुठलं, कोणाच्या काळातलं, हे सगळं नंतर. त्या घाईपायी त्याच त्या चुका होतात आणि निस्तरायला आमच्याकडे येतात.

माझं सगळ्यात जास्त डोकं उठवते ती चूक म्हणजे नाणं कसंही धरून मोबाईलच्या भाषांतर ॲपला दाखवणं. ॲपला वरची बाजू कुठली ते कळत नाही. तुम्हाला मात्र अर्ध्या मिनिटात कळू शकतं. चार अक्षरांच्या नाण्यावर 'बाओ' हे अक्षर शोधा. वर छप्पर, मध्ये आडव्या रेघांचा उभा डबा, खाली दोन पाय, चौघांत बहुधा सगळ्यात गच्च तेच. ते भोकाच्या डावीकडे आलं की नाणं सुलट. आता 'तोंग' ('चलनी' अशा अर्थाचं अक्षर) कुठे आहे ते बघा. उजवीकडे असेल तर वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असं वाचायचं. खाली 'तोंग' किंवा 'युआन' असेल तर बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्याप्रमाणे. बहुतेक वेळा म्हणतो, कारण तांग राजवटीत 621 साली आलेल्या 'काय युआन तोंग बाओ'वर खाली 'युआन' आणि उजवीकडे 'तोंग' आहे. ते 'काय तोंग युआन बाओ' वाचायचं की काय, यावर जाणकारही भांडत आलेत. तिथे तुमच्या ॲपचं मत कोण विचारतो!

एका पोराने मला फोन करून सांगितलं, की 'क्वान तोंग योंग बाओ' नावाचं, कुठल्याच यादीत नसलेलं नाणं त्याच्याकडे आहे. फ्रेम करायला टाकलेलं, घरच्यांना आकडाही सांगून झालेला. मी म्हटलं, मागच्या बाजूचा फोटो पाठव. मागे लाटांच्या रेघा. म्हणजे जपानचं 'कान्एई त्सूहो', चार मोनचं (मोन हे तेव्हाचं जपानी चलन), 1768 पासून पाडलेल्या प्रकारातलं, ढिगाने मिळणारं. साहेबांनी ते गोल फिरवून वाचलं होतं. वर माझ्याशीच वाद, "पण काका, अक्षरं तर चिनी आहेत!" असणारच. जपान, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे नाण्यांवर तीच लिपी होती. व्हिएतनामचं 'कान्ह हुंग' (1740 ते 1786) आणि कोरियाचं 'सांगप्योंग' हे दोन्ही चिनी म्हणून सर्रास खपतात. त्यात 1659 पासून नागासाकीत परदेशी व्यापारासाठी चीनच्या सोंग राजवटीतल्या 'युआन फेंग' नाण्याची नक्कल पाडली गेली. म्हणून आधी देश ठरवा, मग राजा.

दुसरी चूक बघवत नाही. घासणं. देवाची तांब्याची भांडी चिंचेने लख्ख होतात, म्हणून नाणंही चिंचेत बुडवायचं! सोंग काळातलं, वळणदार मुद्रालिपीतलं (शिक्क्यांवर कोरायच्या अक्षरांतलं) एक सुरेख नाणं माझ्यासमोर आलं ते गुलाबी होऊन. अक्षरांच्या कडा गेलेल्या, मधल्या बारीक रेघा सपाट. हिरवा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. त्याच्यावरून जाणकार नाण्याचा काळ आणि खरेपणा जोखतो, आणि गेलेला थर परत येत नाही. माझी पद्धत कंटाळवाणी आहे: डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, माती सुटली की लाकडी टूथपिकने हळूच काढायची आणि पूर्ण वाळवायचं. व्हिनेगर, लिंबू, तारेचा ब्रश यातलं काही नाही. ज्याला तेवढा धीर नाही त्याने नाणं धुऊच नये. फक्त फिकट पोपटी भुकटी दिसली आणि पुसूनही पुन्हा आली, तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं आणि कोरड्या जागी ठेवा. क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जात असतो.

जुनं म्हणजे महाग, हाही भ्रमच. 'युआन फेंग' काळात (1078 ते 1085) सोंग सरकार वर्षाला नाण्यांच्या सुमारे 50 लाख माळा पाडत होतं, आणि माळेत कागदोपत्री 1000 नाणी. साडेनऊशे वर्षांचं नाणं आजही साध्या जेवणाच्या किमतीत मिळू शकतं.

लाल दोऱ्यात ओवलेली, पाकिटात ठेवायची चकचकीत फेंगशुईची नाणी घेऊन मला भेटायला येऊ नका.

छिंग राजवटीच्या नाण्यांची मागची बाजू लोक बघतच नाहीत. तिथे मांचू लिपी असते, वरून खाली वाचायची. डावीकडचा शब्द बहुतेकांवर सारखाच, उजवीकडचा टांकसाळ सांगतो. 'छिएन लोंग' सम्राटाचा काळ 1736 ते 1795, म्हणजे साठ वर्षांचा. नुसतं नाव वाचून "सापडलं!" म्हणणाऱ्याला अजून निम्मंही सापडलेलं नसतं.

ही नाणी सहसा साच्यात ओतलेली असतात, पण ओतीव नाही म्हणून नाणं खोटं ठरवण्याचीही घाई नको. चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या टांकसाळीत 1889 पासून भोकाची नाणी यंत्रावर ठोकली जात होती. उलट लोहचुंबकाला चिकटलं तर लगेच फेकू नका, कारण सोंग काळात सिचुआनमध्ये लोखंडी नाणी चालत होती.

आणि वजन. सोनारी काटा आणि कॅलिपर (व्यास आणि जाडी मोजायचं साधन) यांच्याशिवाय मी कुणाशी बोलतच नाही. 'काय युआन'चं नाणं साधारण 24 मिलिमीटर आणि 4 ग्रॅमच्या आसपास भरतं. अडीच ग्रॅमचं असेल तर ते खाजगीत पाडलेलं, झिजलेलं किंवा नकली, यातलं काहीतरी आहे. फोटो पाठवताना दोन्ही बाजू, 'बाओ' डावीकडे, शेजारी पट्टी, आणि वजन दशांशापर्यंत लिहिलेलं. एवढं असेल तर मीही त्याच दिवशी उत्तर देतो.