गावाजवळ केंद्राचा मोठा विज्ञान प्रकल्प येतोय? मग आधी ही कामं करा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, 2016 ला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल 2023 ला केंद्राने 2600 कोटींवर शिक्का मारला. असं काही आलं की गावात चर्चा एकच, जमिनीचा भाव काय होणार. मला विचाराल तर त्याआधी ही जागा का निवडली ते शोधा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

इथे 4 किमी लांबीच्या दोन भुजांमधून लेझर फिरणार आणि प्रोटॉनपेक्षाही छोटी हालचाल मोजायची, म्हणून जमीन शांत पाहिजे. म्हणजे उद्या जवळ खडी क्रशर किंवा सुरुंगाचं काम निघालं की प्रश्न येणारच. जुन्नरकडे बघा ना, खोडदच्या जीएमआरटीला, म्हणजे तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला, रेडिओ शांतता लागते (आजूबाजूच्या यंत्रांच्या रेडिओ लहरींचा अडथळा नको) आणि त्यावरूनच पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग अडला. तेव्हा किती अंतरापर्यंत कशावर बंधन येणार हे आत्ताच लेखी मागा. ग्रामसभेचा ठराव करा आणि सोबत अणुऊर्जा विभागाला ऑनलाइन आरटीआय टाका, फी 10 रुपये, उत्तर साधारण 30 दिवसांत. फक्त "का" असं विचारू नका, "अमुक कागदाची प्रत द्या" असं लिहा, नाहीतर माहिती नाकारली जाऊ शकते.

आता कामधंद्याचं. शास्त्रज्ञांची भरती देशभरातून होणार, त्यावर गावाने आशा लावू नये. पण केंद्राच्या खात्यांना 25% खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची असते, त्यातच एकूण खरेदीच्या 3% महिला उद्योजकांकडून. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी करा (फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका!), जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खातं काढा. एक मात्र नीट लक्षात घ्या, ही सवलत माल आणि सेवांना आहे, बांधकामाच्या टेंडरला नाही, म्हणून सुरुवातीच्या सिव्हिल कामात मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालीच काम मिळेल आणि गाड्या, कॅन्टीन, साफसफाई, इलेक्ट्रिक मेंटेनन्स हे नंतर येईल, त्याची तयारी आजपासून हवी.

पोरांना आयटीआयला घालताय तर वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, एसी-रेफ्रिजरेशन बघा, आणि स्टेनलेस स्टीलचं टिग वेल्डिंग हातात बसलं तर हा प्रकल्प संपला तरी पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला काम आहेच.

शाळांचंही बघा. खोडदला दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरतं, आजूबाजूच्या शाळांची पोरं स्वतःचे प्रयोग घेऊन येतात. औंढ्यातही तसंच व्हावं अशी मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडून आत्ताच लेखी द्या, इमारत उभी राहायची वाट बघू नका.