सॉफ्टनर की घरभर फिल्टर? आधी आपलं पाणी कुठलं ते बघा

दुकानात येणारा माणूस बहुतेक वेळा ठरवूनच येतो. "सॉफ्टनर पाहिजे ओ, शेजाऱ्यांनी बसवलाय." मी आधी विचारतो, शेजाऱ्यांचं पाणी कुठलं आणि तुमचं कुठलं? त्यांची बोअर असते आणि यांचा कॉर्पोरेशनचा नळ. भिंत एक, पण पाणी निराळं. सॉफ्टनर म्हणजे जड, क्षारांचं पाणी मऊ करणारं, मिठावर चालणारं यंत्र. शेजाऱ्याचा सॉफ्टनर यांच्या घरात मीठ खात नुसता उभा राहणार.

बेळगावात अनगोळला माझं मोटर, गीझर आणि पाइपलाइनचं काम आहे. आपल्या भागात हा प्रश्न एका उत्तरात बसत नाही, कारण एकाच जिल्ह्यात पाण्याची जातच बदलते. शहराचं नळाचं पाणी येतं मार्कंडेयवरच्या राकसकोपमधून आणि घटप्रभेवरच्या हिडकलमधून. दोन्हीकडं घाटावरचा पाऊस साठतो, त्यामुळं ते पाणी मुळात हलकं, म्हणजे कमी क्षारांचं. त्याचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात गढूळपणा, जुन्या पाइपातला गंज, कधी क्लोरीनचा वास. खानापूर-जांबोटीकडच्या लाल मातीत विहिरीचं पाणी बऱ्याचदा हलकंच असतं, पण लोखंड येतं. अथणी-रायबागकडं काळ्या रानात बोअर मारली की क्षार. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, बाथरूमच्या फरशीवर पांढरा थर.

दोन्ही यंत्रांचं काम एकदा नीट समजून घ्या. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. बाकी काही नाही. गाळ, जंतू, वास, फ्लोराइड, नायट्रेट यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. फिल्टर गाळ अडवतो, त्यातला माल बघून लोखंड किंवा क्लोरीनही काढतो, पण जड पाणी फिल्टरमधून जसं आत गेलं तसंच बाहेर येतं. गीझरची कॉइल फिल्टरनं वाचत नाही.

कॉइल मी बऱ्याचदा बाहेर काढतो. बोटाएवढी जाड नळी पांढऱ्या खडकात गुंडाळून मनगटाएवढी झालेली असते. स्क्रू ड्रायव्हरनं ठोकलं की खपल्या पडतात. खपलीवर लिंबाचा रस टाका. फसफसली तर तो चुन्याचा क्षार, म्हणजे पाणी जड आहे. खपली तांबूस आणि चिखलासारखी असली तर लोखंडाचा संशय घ्यायचा. घरात तांब्याचा बंब असेल तर गीझर खोलायची गरज नाही, बंबात हात घालून तळ खरवडा.

पाणी तपासायचं तर बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मग भरायचं, पहिलं पाणी पाइपातलं असतं. एक पारदर्शक बाटली भरून रात्रभर उघडी ठेवा. भरताना स्वच्छ आणि सकाळी तळाला तांबडं बसलं असेल तर लोखंड विरघळलेलं आहे. भरतानाच गढूळ असेल तर माती. दुसऱ्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि हलवा. शेजारी पावसाचं पाणी घेऊन तेवढाच कीस टाकून हलवा, फरक लगेच दिसतो. कपड्याची पावडर घेऊ नका, तिला जड पाण्यातही फेस येतो.

ही झाली घरची परीक्षा. पैसे घालायच्या आधी प्रयोगशाळेचा आकडा हवाच. एकूण कठीणता (पाणी किती जड ते), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), लोखंड, गढूळपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू एवढं मागा. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीत पाणी तपासायचं किट आहे का विचारा. जलजीवन मिशनमधून गावोगाव किट दिलेली आहेत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली म्हणतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. माझा स्वतःचा हिशेब असा: 200 च्या आत सॉफ्टनरचं नाव काढायचं नाही. 200 ते 300 मध्ये गीझर वर्षातून एकदा साफ करून घेणं स्वस्त पडतं. त्याच्या वर गेलं की सॉफ्टनरचा विचार करा.

टीडीएस मीटरवर हे ठरवू नका. मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात जड कुठले ते सांगत नाही. सॉफ्टनर लावल्यावरही टीडीएस कमी होत नाही, कारण एक क्षार जाऊन दुसरा येतो. दारावर येणारा विक्रेता आणखी एक खेळ दाखवतो. तुमच्या पाण्याच्या ग्लासात वीज लावलेल्या दोन कांड्या बुडवतो, पाणी तपकिरी होतं, वर फेस येतो. त्याच्या आरओच्या ग्लासात काही होत नाही. वहिनी घाबरतात, काका चेकबुक काढतात. अहो, तो रंग कांडीच्या लोखंडाचा. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते म्हणून लोखंड झिजून गंज सुटतो. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका म्हणावं, तेही तपकिरी होईल.

आता सॉफ्टनर घ्यायचाच असेल तर माप काढा, विक्रेत्याच्या अंदाजावर सोडू नका. समजा कठीणता 400 आहे आणि अंघोळ, धुणं, गीझर यांना मिळून दिवसाला 500 लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज 200 ग्रॅम क्षार काढायचा. एक लिटर रेझिन, म्हणजे सॉफ्टनरमधले क्षार धरणारे दाणे, साधारण 50 ग्रॅम धरतं, तर 25 लिटरचं भांडं 1250 ग्रॅम धरेल. सहा दिवसांनी ते मिठाच्या पाण्यानं धुवायचं, दर वेळी साधारण 3 किलो मीठ. महिन्याला 15 किलो आलं. हे मीठ कोण आणणार, कोण ओतणार, ते घरात आधी ठरवा. म्हातारी दोघंच राहत असतील आणि पोरगा पुण्यात असेल तर मी सॉफ्टनर देत नाही.

आपोआप धुणारा व्हॉल्व्ह सोयीचा, पण त्याच्या घड्याळाला बॅटरीचा आधार आहे का बघून घ्या. नसेल तर वीज गेली की वेळ चुकते आणि भर अंघोळीच्या वेळी यंत्र धुवायला सुरू होतं. खेड्यात हातानं फिरवायचा व्हॉल्व्हच बरा.

जागेचा घोळ सगळ्यात जास्त दिसतो. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनला लोक सॉफ्टनर जोडतात. टाकी दहा फूट वर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. सॉफ्टनरला बहुधा दीड-दोन बार लागतो, त्यामुळं शॉवर मुततो आणि रेझिन नीट धुतलं जात नाही. संपातून, म्हणजे जमिनीतल्या टाकीतून, वर चढणाऱ्या पंपाच्या लाइनवर बसवा, तिथं दाब असतो. बायपास, म्हणजे सॉफ्टनर टाळून जाणारी लाइन, ठेवाच. बागेचा आणि संडासाचा नळ सॉफ्टनरच्या आधी तोडून घ्या. संडासाला मऊ पाणी देणं म्हणजे मीठ फ्लश करणं. बागेला तर ते मुळीच नको, सोडियमनं काळी माती चिकट होते, पाणी मुरत नाही आणि तुळस सुकते. स्वयंपाकघरातला एक नळही वेगळा असावा. कठीणतेच्या दर 100 मिलिग्रॅममागं पाण्यात सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम येतं, त्यामुळं घरात बीपीचा माणूस असेल तर ते प्यायला नको. मऊ पाणी पुढं आरओला दिलं तर हरकत नाही, आरओ सोडियम काढतो आणि पडदाही जास्त टिकतो.

फिल्टरचं एवढं लांबण नाही. बोअरमधून रेती येत असेल तर ठिबकचा डिस्क फिल्टर बघा. ऊसवाल्यांच्या घरी एखादा पडलेलाच असतो. पण तो साधारण 130 मायक्रॉनचा, रेती अडवतो, पावसाळ्यातला बारीक गाळ नाही. त्या गाळाला वाळूचा फिल्टर लागतो, उलटा धुता येईल असाच घ्या. लोखंडाला वेगळा माल भरलेला फिल्टर येतो, आणि पाण्यात लोखंड असेल तर तो सॉफ्टनरच्या आधीच हवा, नाहीतर रेझिनवर गंजाचा लेप बसतो.

कार्बनच्या बाबतीत मात्र सांभाळा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून लोक संपाच्या तोंडालाच कार्बन फिल्टर लावतात. वास जातो, पण जंतूंना रोखणारं क्लोरीनही जातं. मग ज्या गल्लीत पाणी रोज येत नाही तिथं तेच पाणी संपात दिवसेंदिवस साठून राहतं. कार्बन लावायचा तर टाकीच्या पुढं, वापराच्या नळाजवळ लावा. जंतूंचा रिपोर्ट वाईट असेल तर पिण्याच्या नळाला यूव्ही किंवा सरळ उकळणं.

म्हणून शहरात फक्त नळ असेल तर गाळाचा फिल्टर पुरे. काळ्या रानातली बोअर असेल तर अंघोळ आणि गीझरच्या लाइनला सॉफ्टनर. नळ आणि बोअर दोन्ही असतील, आणि वडगाव-शहापूरकडं अशी घरं खूप, तर दोन्ही पाणी एका संपात मिसळू नका. हलकं पाणी गीझरला आणि स्वयंपाकाला द्या, बोअरचं संडासाला, अंगणाला, गाडी धुवायला. एक जास्तीची टाकी आणि थोडा पाइप लागेल. बऱ्याच घरी मी एवढंच करून देतो, सॉफ्टनर विकला जात नाही, पण गिऱ्हाईक पुढच्या मोटरीला माझ्याकडंच येतं.

मिठाचं तेवढं राहिलं. बाजारातलं जाडं मीठ स्वस्त पडतं, पण त्यात माती असते आणि मॅग्नेशियमही, म्हणजे जे काढायचं तेच आत घालता. सॉफ्टनरसाठी मिळणाऱ्या शुद्ध मिठाच्या वड्या घ्या. आणि धुतलेलं खारं पाणी गटारात सोडा. शोषखड्ड्यात सोडलंत तर ते विहिरीत नाहीतर बोअरमध्ये उतरायचं, तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या.