एचबी वाढत नाही? आधी आयर्नचे दोन आकडे बघा

डायलिसिसच्या पेशंटचं एचबी (हिमोग्लोबिन) साडेआठवर अडकलं की नातेवाईक मला पहिलं हेच सांगतात, "सिस्टर, इंजेक्शनचा डोस वाढवायला सांगा ना." मी म्हणते, थांबा, फाईल काढा. फेरिटिन आणि टीसॅट कुठे आहे?

किडनी निकामी झाली की तिथे बनणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडतं, म्हणून ते इंजेक्शनने देतो. पण इंजेक्शन फक्त रक्त बनवायचा हुकूम देतं, त्यासाठी लागणारं लोह हाताशी हवं. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, टीसॅट (ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन) म्हणजे रक्तात वापरायला मोकळं असलेलं लोह. फेरिटिन ६०० आणि टीसॅट १४ टक्के असा रिपोर्ट बघून लोक खूश होतात, "साठा भरपूर आहे!" अहो, तो कुलपात आहे. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. ते साठा अडवून धरतं आणि आतड्यातून लोह शोषलं जाणंही रोखतं. म्हणून आयर्नच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. बीट, खजूर, गूळ डब्यातून आणणाऱ्या मावशींना तर मी हात जोडते. त्यातून एचबी नाही, पोटॅशियम वाढतं.

रक्त तपासायला द्यायचं ते मशीनला जोडण्याआधी. शिरेतून आयर्न घेतलं असेल तर निदान आठवडाभर थांबून. एचबी दर महिन्याला, आयर्नचे आकडे तीन महिन्यांनी. टीसॅट ३० टक्क्यांपर्यंत आणि फेरिटिन ५०० पर्यंत असेल, तर डॉक्टर बहुधा शिरेतून आयर्न सुरू करतात. आमच्याकडे आयर्न सुक्रोज १०० मिलिग्रॅम सलाईनमध्ये घालून शेवटच्या तासात हळूहळू सोडतो. खाज सुटली, छाती भरून आली, गरगरलं तर लगेच हाक मारा. आणि ताप, थंडी, कॅथेटरजवळ (डायलिसिसच्या नळीजवळ) पू असलं काही असेल तर ते आल्या आल्या सांगा. त्या दिवशी आयर्न थांबवावं लागतं.

एचबी साधारण १० ते ११.५ पुरे. चौदाचा हट्ट नको, त्यात बीपी चढतं, गुठळीचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर रक्ताची पिशवीही होता होईल तो टाळायची. त्यातून अँटिबॉडी तयार झाल्या तर जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नको, हलवूही नका. गावाहून एसटीने आणताना बर्फ आणि सिरिंजच्या मध्ये टॉवेलची घडी घाला.

सेशन संपताना डायलायझरकडे, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याकडे, जरूर बघा. सलाईनने रक्त परत दिल्यावर आतले धागे फिकट दिसायला हवेत. काळपट लाल पट्टे राहिले, तर तेवढं रक्त तिथेच गोठलं. दर वेळी असं होत असेल तर हेपरिनबद्दल, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाबद्दल, विचारा.

आणि दोन्ही आकडे चांगले असून एचबी हलत नसेल, तर बी-१२, फॉलिक ॲसिड, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन), डायलिसिस पुरेसं होतंय का, हे डॉक्टरांना तपासू दे. शी काळी होत असेल तर तेही लाजू नका, त्याच दिवशी सांगा.