मुलाच्या अपेंडिक्सची सोनोग्राफी: या चुका टाळा

रिपोर्टवर ‘अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड’ असं लिहिलेलं असतं आणि आईवडील हुश्श करून नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यातून थेट घरची वाट धरतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अपेंडिक्स दिसलं नाही, एवढंच त्या ओळीत म्हटलंय. ते चांगलं आहे असं कुठंही म्हटलेलं नाही. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी ही बारीक नळी आतड्यामागे दडली असेल, वर वायू साचला असेल किंवा मूल अंगानं जाड असेल, तर मुरलेल्या हातालाही ती सापडत नाही. अशा वेळी रिपोर्टच्या खालच्या ओळी डॉक्टरांसोबत वाचा. आजूबाजूची चरबी सुजलेली आहे का? पाणी किंवा पू साचलाय का? यातलं काहीच नसेल तर अपेंडिक्स सुजल्याची शक्यता कमी होते, संपत नाही. दुखणं चालूच असेल तर काही तासांनी त्याच डॉक्टरांनी पोट पुन्हा तपासावं, आणि लागली तर सोनोग्राफीही पुन्हा करावी.

दुसरी चूक तपासणीच्या टेबलावर होते. प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) हळूहळू दाबत आतड्यातला वायू बाजूला सारायचा, ही पद्धत डच रेडिओलॉजिस्ट पायलार्ट यांनी 1986 मध्ये मांडली आणि आजही तीच चालते. म्हणजे पोट दाबलं जाणारच. पण चार जणांनी हातपाय धरले की पोरगं रडतं, पोट कडक होतं, आणि रडताना गिळलेली हवा आतड्यात जाते ती वेगळीच. त्यापेक्षा आईनं उशाशी बसावं, जेल थंड लागेल हे आधीच सांगावं आणि विचारावं, “कुठी दुखून राहिलं बेटा? एका बोटानं दाखव.” मूल बोट ठेवतं त्या जागेपासून सुरुवात केली तर बरेचदा वेळ वाचतो. डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकानं निदान बिघडत नाही. ‘दुखणं झाकलं जाईल’ म्हणून लेकराला तळमळत ठेवू नका.

रिपोर्टमधल्या जाडीच्या आकड्याचंही तसंच. 6 मिलिमीटरपेक्षा जाड म्हणजे अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सला सूज, असं सरसकट धरू नये. आत मल किंवा वायू असला तर चांगल्या अपेंडिक्सचाही घेर वाढतो. दाबल्यावर ते चपटं होतं का, आत खडा आहे का, भिंतीत रक्तप्रवाह वाढलाय का, हे जाडीइतकंच महत्त्वाचं. शिवाय कधीकधी फक्त टोकच सुजलेलं असतं, म्हणून नळी शेवटपर्यंत पाहावी लागते.

‘पोटात गाठी आहेत’ हे ऐकलं की आपल्याकडे घरचे थेट टीबीपर्यंत पोचतात. मुलांमध्ये अशा गाठी, म्हणजे पोटातल्या लसिका ग्रंथी, बहुतेकदा साध्या विषाणूमुळे सुजतात. पण गाठी दिसल्या म्हणून अपेंडिक्सचा शोध तिथंच थांबवणं ही डॉक्टरांकडून होणारी चूक, कारण दोन्ही एकत्र असू शकतात. वयात येणाऱ्या मुलींमध्ये उजव्या अंडाशयाला पीळ पडला तरी दुखणं जवळपास तिथंच असतं. अंडाशय नीट दिसायला भरलेलं मूत्राशय कामी येतं, म्हणून लघवीला कधी पाठवायचं ते आधी विचारून घ्या.

पाच वर्षांखालच्या मुलांचं चित्र फसवं असतं. उलटी, पातळ शौच, ताप. नागपूरच्या उन्हाळ्यात ‘गॅस्ट्रो झाला’ म्हणून सलाईन लागतं आणि वेळ जातो. याच वयात अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण जास्त असतं. घरच्या घरी एरंडेल, एनिमा, गरम पाण्याची पिशवी यांतलं काहीही करू नका. ऑपरेशन लागलंच तर पोट रिकामं हवं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायलाही देऊ नका.

सीटी स्कॅन आधी करून मोकळं व्हावं, असाही आग्रह होतो. त्यात किरणोत्सर्ग आहे, म्हणून मुलांमध्ये तो शंका उरल्यावरच.

आणि तीव्र दुखणं अचानक कमी झालं, पण ताप चढतोय, पोट फुगतंय, पोर मलूल पडलंय, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. मग सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका, रात्रीच नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. जुना रिपोर्ट आणि फिल्म सोबत ठेवा.