तेलगाडीच्या जुन्या वाटेनं: कोल्हापुरातनं निघून हाएन ते पुएन्ते हेनिल सायकलनं कसं जायचं

गळीत हंगामात गगनबावड्याच्या नाहीतर राधानगरीच्या रस्त्यावर सायकल घातली आहे कधी? पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर, आणि खाली उतरावं म्हटलं तर साईडपट्टीच नाही. दोन हंगाम मी असाच जीव मुठीत धरून चालवली. मग पुण्याची लेक म्हणाली, "पप्पा, जिथं गाडीच येत नाही अशा रस्त्यावर जाऊया." माझा लक्ष्मीपुरीत शेंगतेलाचा घाणा आहे. तिनं शोधून काढलेल्या वाटेचं नावच 'तेलाची हिरवी वाट' निघालं, म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना.

स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलून तिथं सायकल आणि पायी चालायची वाट करतात. त्यांना 'विया वेर्दे' म्हणतात. 1993 पासून हे काम चाललंय आणि देशभरात अशा वाटा तीन हजार किलोमीटरच्या वर झाल्यात. आमची वाट 'विया वेर्दे देल असेइते', दक्षिणेत आंदालुसियामध्ये, हाएन शहरापासून पुएन्ते हेनिलपर्यंत 128 किलोमीटर. (स्पेलिंग 'ज'नं सुरू होतं, पण तिकिटाच्या खिडकीवर 'जाएन' म्हणालात तर समोरचा बघत राहील. हाएन.) हा मार्ग 1893 साली पुरा झाला. म्हणजे आपली मिरज-कोल्हापूर लाईन 1891 ची, ती याच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली. आपली चालू आहे, त्यांची 1980 च्या दशकात बंद पडली. ऑलिव्हचं तेल वाहायची म्हणून तिला तेलगाडीच म्हणायचे.

जायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावरनं ठरतं. आगगाडीला चढ चालत नाही. त्यामुळं या वाटेवर पन्हाळ्यासारखा घाट कुठंच नाही, दोन-तीन टक्क्यांचा चढ, तोही लांबलचक आणि नकळत. पण गावं रुळाच्या सोयीनं वसलेली नाहीत. ती किल्ल्याच्या आधारानं, टेकडीवर. मार्तोस, आल्काउदेते, सुएरोस, सगळीकडं तेच. दिवसभर तुम्ही मजेत चालवता आणि संध्याकाळी मुक्कामाला जायचं तर शेवटचे दोन किलोमीटर छाताड फोडतात. म्हणून सराव करताना नुसते किलोमीटर मोजू नका. मी दर रविवारी सामानाच्या पिशव्या लावून सपाटीला चाळीस-पन्नास किलोमीटर मारायचो आणि दमल्यावर, मुद्दाम शेवटी, जोतिबाचा चढ घ्यायचो. आधी चढ आणि मग सपाटी असा सराव इथं कामाचा नाही.

महिना एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला तिथं पारा चाळिशी ओलांडतो आणि वाटेवर सावली फारशी नाही, कारण ऑलिव्हचं झाड काही वडासारखं नसतं. ईस्टरच्या आठवड्यात मिरवणुका असतात, खोल्या मिळत नाहीत. हिवाळ्यात ऑलिव्हची तोडणी चालते. ट्रॅक्टर बघायचेच असतील तर मग घरी काय वाईट?

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, महाराष्ट्रातल्या लोकांचं काम मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीकडं. मोठ्या माणसाला फी 90 युरो, किमान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मुक्कामाची रोजची यादी त्यांना द्यावी लागते, तेव्हा वाटेचा आराखडा आधी आणि अर्ज नंतर. आमचा आराखडा तीन दिवसांचा होता. पहिला दिवस हाएन ते आल्काउदेते, पन्नासेक किलोमीटर. दुसरा तिथनं सुएरोस, तिशीच्या घरात, मुद्दाम छोटा, कारण तिथं थांबावंसं वाटतं. तिसरा दोन्या मेन्सिया, काब्रा, लुसेना करत पुएन्ते हेनिल. हीच दिशा धरा. हाएन आणि कोल्हापूर साधारण एकाच उंचीवर, साडेपाचशे मीटरच्या आसपास. पुएन्ते हेनिल त्याहून बरंच खाली. मध्ये चढउतार आहेत, पण शेवटी हिशेब तुमच्या बाजूनं लागतो.

सायकल इथनं खोक्यात घालून न्यायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. भाड्यानं घेतली. काही दुकानं वरचे पैसे घेऊन सायकल एका गावात देतात आणि दुसऱ्या गावातनं उचलतात. हे मेलवर आधी ठरवून घ्या. परत त्याच जागी यायचं असेल तर दोन्या मेन्सियाच्या जुन्या स्टेशनपाशीही सायकल मिळते. टायर 40 मिलीमीटरच्या आसपास रुंद मागा. वाट बहुतेक ठिकाणी दाबलेल्या मुरमाची आहे, डांबरी तुकडे शहरांजवळ. आणि दुकानाच्या दारातच ब्रेक दाबून बघा. आपल्या जुन्या सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, तिकडं डावा पुढचा. मी पहिल्याच वळणावर सवयीनं डावा करकचून दाबला आणि हँडलवरनं पुढं जाता जाता राहिलो. शहरातनं वाटेपर्यंत पोचताना उजव्या बाजूनं चालवायचं. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. पुढचा दिवा हवाच, बोगदे मोजकेच आहेत पण आत शिरल्यावर डोळ्यांपुढं अंधार होतो.

माद्रिदहून हाएनला साधी गाडी चारेक तासांत पोचते. तीत सायकलीला मोजक्याच जागा, तिकीट वेगळं. वेगवान गाड्यांत उभी सायकल घेत नाहीत, खोलून पिशवीत भरावी लागते.

वाटेवर चुकायचा प्रश्नच नाही. शेतरस्ता आडवा आला की लाकडी अडसर, थांबा म्हणून पाटी, आणि पलीकडं परत तीच वाट. दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या रांगा, क्षितिजापर्यंत. एकट्या हाएन प्रांतात सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. आपल्याकडं पंचगंगेच्या काठानं ऊस जसा दुसरं काही दिसू देत नाही, तसं. पण ऊस तुम्हाला झाकून टाकतो, इथं झाडं ठिपक्यांसारखी टेकड्या चढत जातात. जवळ जाऊन बघा, एका आळ्यात बहुतेक दोन-तीन खोडं दिसतील, तिथली जुनी लावणीच तशी. ग्वादाहोस नदीवर लोखंडी पूल लागतो, हाएन प्रांत संपून कोर्दोबा सुरू होतो तिथं. अख्ख्या वाटेवर असे एकोणिसाव्या शतकातले लोखंडी पूल तेरा. लेक फोटो काढत होती, मी रिव्हेट मोजत बसलो.

आता पावसाचं. दुसऱ्या दिवशी पहाटे सर येऊन गेली, नऊला ऊन पडलं, आम्ही निघालो. लुके गावाच्या अलीकडं पांढरट चिकण माती चाकाला अशी धरली की मडगार्डमध्ये चाक फिरेना. करवंटीत पीठ भरावं तसं. अर्धा तास मी काटकीनं उकरतोय, दहा फूट जातोय, परत उकरतोय. पाऊस पडला असेल तर दुपारपर्यंत निघू नका, नाहीतर तेवढा भाग डांबरी रस्त्यानं काढा.

दुसरी चूक रविवारची. तिकडं दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी तर दिवसभर. दोन्या मेन्सिया सोडल्यावर पाणी संपत आलं, खायला दोन केळी. गावातल्या सार्वजनिक नळावर 'नो पोताब्ले' लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका. 'आगुआ पोताब्ले' असेल तर बाटल्या भरून घ्या, दोन-दोन लिटर. शनिवारी संध्याकाळीच रविवारचं विकत घ्या. रात्रीचं जेवण नऊच्या आत मागू नका, स्वयंपाकघर उघडलेलं नसतं.

मी तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला, माझी अडचण नव्हती. लेक शाकाहारी. नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, भाजीच्या सॅलडमध्येसुद्धा टूना मासा घालून देतात. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून' एवढं पाठ करा: मटण नको, डुकराचं मांस नको, टूना नको. 'साल्मोरेखो' म्हणजे टोमॅटोचं दाट गार सार, वरनं हामोन आणि अंडं पेरतात, ते नको म्हणून सांगितलं की उत्तम पोटभरीचं. इथनं भडंग आणि चटणी न्या, पेढे नेऊ नका. युरोपात बाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातनं न्यायला बंदी आहे.

न्याहारी मात्र चुकवू नका. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, आणि तेल तुम्हीच ओतायचं. हॉटेलात तेलाची बाटली पुन्हा भरून ठेवायला 2014 पासून कायद्यानं मनाई आहे, बंद बाटलीच समोर येते. असा कायदा आपल्याकडं आला तर माझं गिऱ्हाईक वाढेल. तिथलं ऑलिव्ह बहुतेक 'पिकुआल' जातीचं. ताजं तेल नुसतं चाखलं तर आधी हिरव्या गवताचा वास, मग कडवटपणा, आणि गिळल्यावर घशात मिरचीसारखं झोंबतं. मला ठसका लागला. काउंटरमागचा म्हातारा समाधानानं मान हलवायला लागला. ठसका लागणं ही तिथं तेलाची पावती.

पुएन्ते हेनिलहून परतताना एवढं बघा की वेगवान गाडीचं स्टेशन गावाबाहेर आहे, सायकल आधीच परत केलेली असली तर टॅक्सी सांगून ठेवा. आणि तेल आणणार असाल तर काचेची बाटली नको, पत्र्याचा डबा घ्या, चेक-इनच्या सामानात, कपड्यांच्या मध्ये. मी पाच लिटरचा आणला. घाण्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोटावर घेऊन चाखलं, खाकरले आणि म्हणाले, "तेल चांगलं आहे. पण ह्यात पिठलं होणार नाही."