खदानीत अनोळखी स्फटिक सापडला? आधी या चुका टाळा

जळगाव-सावद्याकडच्या खदानींत सुरुंगानंतर बेसाल्टच्या पोकळ्या उघड्या पडतात. विहीर खोदताना मांजऱ्या खडकातही (पोकळ्यांत खनिजं भरलेल्या बेसाल्टात) गारगोट्या निघतात. त्यातली एखादी ओळखता आली नाही, म्हणून ते नवं खनिज ठरत नाही. बहुतेकदा अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट किंवा साधं कॅल्साइटच असतं.

रंगावर जाऊ नका. अपोफिलाइट व्हॅनेडियममुळे हिरवा होतो, तर ह्यूलँडाइटचा हिरवेपणा बहुधा आत अडकलेल्या सेलाडोनाइट या हिरव्या खनिजाचा. अपोफिलाइटच्या वरच्या सपाट तोंडावर मोतिया झाक असते आणि बाजू काचेसारख्या चमकतात, ते बघा.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे 'साफ करतो' म्हणत सगळा नमुना ॲसिडमध्ये बुडवणं. कॅल्साइट विरघळतं खरं, पण शेजारच्या अपोफिलाइटची चमकही जाते, स्कोलेसाइटची तर जेली होते. १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब सुट्या चुऱ्यावर टाका. फसफसलं तर कॅल्साइट. (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.)

सुईसारख्या स्फटिकांवर चाकूची परीक्षा फसते, कारण सुया ओरखडण्याऐवजी मोडतात. तिथे घनता मोजा. सोनाराच्या काट्यावर तुकडा हवेत ११.७५ ग्रॅम आणि दोऱ्याने पाण्यात टांगून ६.७५ ग्रॅम भरला, तर फरक ५.००, आणि ११.७५ ला ५.०० ने भागून घनता २.३५, म्हणजे अपोफिलाइटच्या जवळ. स्टिल्बाइट २.२ च्या आसपास, क्वार्ट्झ २.६५. बेसाल्ट चिकटलेला असेल तर आकडा फुगतो, बुडबुडे राहिले तर घटतो.

लॉमोंटाइट हे खनिज उघड्यावर पाणी सोडून भुसभुशीत होतं. त्यामुळे शंका आली की नमुना लगेच घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. डबीवर खदान, पातळी आणि तारीख लिहाच. ठिकाण माहीत नसलेल्या नमुन्याला अभ्यासात फारशी किंमत नाही.

एवढं करूनही जुळलं नाही, तरच एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखायची चाचणी. त्याला चिमूटभर शुद्ध भुकटी पुरते. दोन खनिजं मिसळली तर आलेखात दोघांच्या रेषा येतात आणि गोंधळ होतो. नुसत्या ईडीएस (इलेक्ट्रॉन झोत टाकून मूलद्रव्यं मोजायच्या चाचणीच्या) अहवालावर भरवसा नको: त्यात हायड्रोजन दिसत नाही, म्हणजे झिओलाइटमधलं (स्टिल्बाइट, स्कोलेसाइटसारख्या पाणी धरणाऱ्या खनिजांतलं) पाणी गायब, आणि इलेक्ट्रॉन झोताखाली सोडियमही सरकतं. झोत पसरट ठेवायला सांगा.

खरंच नवं निघालं तरी नाव जाहीर करू नका. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा आयोग रासायनिक विश्लेषण, स्फटिकरचना वगैरे तपासून मंजुरी देतो, आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो. म्हणून सगळाच्या सगळा तुकडा चाचणीसाठी दळू नका.