मार्कशीटची पोच घेतली का?

नागपूरच्या मिहानमध्ये, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या वसाहतीत, भरती निघाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या पोरांचे मला फोन सुरू होतात. "दादा, ॲप्टिट्यूडचं काय करू?" ॲप्टिट्यूड निघून जातं रे. मी अडकलो तो जॉइनिंगच्या दिवशी.

नागपुरात जागा पुण्यापेक्षा स्वस्त, पगार कमी, आणि घर जवळ असल्यानं पोरं लवकर सोडून जात नाहीत. कंपन्या इकडे येतात त्या यासाठीच. त्यात वाईट काही नाही, मीही शनिवारी एसटीनं घरी जातो. पण पोरं टिकावीत म्हणूनच बाँडही येतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार.

माझा दोन वर्षांचा होता. आम्ही रांगेत उभे, मॅडम म्हणाल्या, "इथे, इथे आणि मागच्या पानावर." दहावी, बारावी, डिग्री, सगळ्या ओरिजिनल मार्कशीट जमा. पोच मागायची लाज वाटली. बाबा बाहेर लिंबाखाली पेढे घेऊन उभे होते.

दीड वर्षानं तलाठी भरतीच्या कागदपत्र पडताळणीचं बोलावणं आलं. मार्कशीट कंपनीच्या कपाटात. तीन मेल केले, उत्तर एकच: बाँड पूर्ण करा, नाहीतर दीड लाख भरा. हातात पगार यायचा अठरा हजार. बाबा म्हणाले, "सोयाबीन विकून टाकतो." मी नाही म्हटलं. तारीख गेली.

तेव्हा ओरिजिनल फक्त दाखवा, द्या झेरॉक्स. ठेवायचाच हट्ट असेल तर सही-शिक्क्याची पोच घ्या. बाँडचा मसुदा आदल्या दिवशी मागा आणि दोनच गोष्टी बघा: रक्कम महिन्यागणिक कमी होते का, आणि कंपनीनंच काढलं तरी भरावी लागते का.

"बाँड-बिंड काही नसते बे, कलम २७ मध्ये उडते," असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. करार कायद्याचं हे कलम कामधंद्यावर बंदी घालणारे करार रद्द ठरवतं, पण प्रत्येक बाँड त्यात उडत नाही. तो सीनियर स्वतः पैसे भरायला येणार नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. पण घाबरूनही जाऊ नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कागदावरचा आकडा ही वरची मर्यादा असते, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. आणि प्लेसमेंटची हमी देऊन पैसे मागणाऱ्या क्लासवाल्याला तर दारातूनच परत पाठवा.

माझे कागद मिळाले शेवटी. बारावीच्या मार्कशीटला फाइलच्या पंचिंगची दोन भोकं आहेत, एक बरोबर गणिताच्या मार्कांवर.